मदत हवी आहे: एक्स-रेवरून एमआरआयकडे जायचंय, ७५ हजारांचं सर्टिफिकेट घेऊ का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर सांभाळून घ्या.

मी मिरजेजवळच्या एका गावातली, वय २५. बारावी सायन्स, मग रेडिओग्राफीचा दोन वर्षांचा डिप्लोमा. तीन वर्षं एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे आणि सीटीवर आहे. पगार १५ हजार, नाइटचे वेगळे काही नाही. एमआरआयवाल्यांना बरा पगार मिळतो असं ऐकते, शिवाय ते काम मला आवडेल असं वाटतं.

आता एका स्कॅन सेंटरवाल्याने सांगितलंय: सहा महिने आमच्याकडे शिक, ७५ हजार फी, शेवटी 'एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट' असं सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार आहेत. फॉर्म येत्या सोमवारपर्यंत भरायचाय.

१. हे सर्टिफिकेट मोठ्या हॉस्पिटलात चालतं का?
२. एमआरआयसाठी नेमकं काय शिक्षण लागतं? पदवीच हवी का?
३. हा आईचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरतंय आणि तिच्या मते त्या मोठ्या मशीनची 'किरणं' एक्स-रेपेक्षा वाईट. मी समजावून थकले.

सेंटर बघायला गेले तेव्हा दाराशीच तिथला दादा माझ्यावर खेकसला, "पिना काढ आधी!" पदराला दोन, केसांत तीन होत्या. तेव्हापासून थोडी धास्तीही आहे.

गॉसदादा

पैसे भरू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी.

पुण्यात १७ वर्षं एमआरआयवर आहे, आणि मीही एक्स-रेवरूनच आलो.

आपल्याकडे एमआरआयसाठी निराळी पदवी घेऊनच यावं लागतं असं नाही. रेडिओलॉजी-इमेजिंगचा डिप्लोमा किंवा पदवी हा पाया, आणि एमआरआयचा हात बसतो तो कामावर. २०२१ साली केंद्राने अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा (म्हणजे तंत्रज्ञ, थेरपिस्ट वगैरे मंडळींचा) कायदा केला, त्यातही एमआरआयवाला रेडिओलॉजी अँड इमेजिंग टेक्नॉलॉजिस्टच्याच खात्यात धरलाय. त्या कायद्याप्रमाणे अलाइडवाल्याचं शिक्षण किमान २,००० तासांचं आणि किमान दोन वर्षांचं हवं. वरच्या पायरीला, म्हणजे हेल्थकेअर प्रोफेशनलला, पदवी आणि ३,६०० तास. तुमच्या सेंटरवाल्याचा हिशेब करा: सहा महिने, रोज आठ तास, एकही रविवार न सोडता घासलंत तरी १,४४० तास होतात. तुमच्याकडे दोन वर्षांचा डिप्लोमा आधीच आहे. म्हणजे हे सर्टिफिकेट त्याच्या वरचं नाही, खालचं आहे.

खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. तुमची महाराष्ट्र परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषदेत नोंदणी झालीय का? डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा? मोठ्या हॉस्पिटलांचं एचआर आधी तो नंबर मागतं. तपासणीला माणसं आली की फायलीत तोच बघतात.

पदवी घ्यायची असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, शाखा रेडिओग्राफी. तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. सरकारी मेडिकल कॉलेजात मिळाला तर सोनंच. अभिमत विद्यापीठांतही इमेजिंगची बीएस्सी असते, फी मात्र बघून चक्कर येते. काही ठिकाणी डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, लेखी घ्या. प्रवेशाचे नियम सध्या बदलताहेत, त्यामुळे ज्या वर्षी फॉर्म भराल त्या वर्षीचं माहितीपत्रकच खरं.

आता आईंचा प्रश्न. सीटीवर छातीला टीएलडी बॅज लावता ना, अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा? एमआरआयवर तो लागतच नाही, कारण मोजायला तिथे आयनीकारक, म्हणजे एक्स-रेसारखी पेशींना इजा करू शकणारी, किरणं नसतात. एक्स-रे आणि सीटीला एईआरबीचं, म्हणजे केंद्राच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन्स लागतं, एमआरआयला लागत नाही, ते याच कारणाने. तिथे चुंबक आहे आणि रेडिओलहरी आहेत. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनची लहर साधारण ६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली. म्हणून तर ती खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते. दार नीट लागलं नाही तर बाहेरची लहर आत शिरते आणि फोटोवर चेनच्या झिपसारखी रेघ उमटते. आमच्या दोघी सहकारी आठव्या महिन्यापर्यंत कामावर होत्या. पेशंटला टेबलावर घ्यायला आत जायच्या आणि स्कॅन सुरू झाला की बाहेर कन्सोलवर. आईंना सांगा, लेक सध्या करतेय त्या कामातच किरणं जास्त आहेत. (हे जपून सांगा, नाहीतर आहे ती नोकरीही सोडायला लावतील.)

अर्धीभाकर

७५ हजारांत सर्टिफिकेटची फ्रेम धरलीय का तेवढं विचारून घ्या. माझ्या मेव्हण्याने असंच एक घेतलं होतं. ते भिंतीवर आहे आणि मेव्हणा मोबाइलच्या दुकानात.

मस्कतवाली

ताई, गॉसदादांना पूर्ण अनुमोदन. माझं मूळ सांगलीचं, आता नऊ वर्षं आखातात रेडिओग्राफर आहे. इकडे यायचा विचार कधीही डोकावला तर एक शब्द लक्षात ठेवा: डेटाफ्लो. तुमची प्रत्येक गुणपत्रिका, नोंदणी आणि अनुभवाचं पत्र ते थेट देणाऱ्याकडे पाठवून खरं-खोटं करतात. त्यानंतर परवान्याची परीक्षा. माझ्यासोबत अर्ज केलेल्या एका मुलाचं सगळं चोख होतं, पण त्याने ज्या सेंटरचं अनुभवपत्र जोडलं ते बंद पडलेलं. उत्तर द्यायला कोणी नाही. दीड वर्ष लटकला बिचारा.

म्हणून आत्तापासून अनुभवाची पत्रं लेटरहेडवर, तारखांसकट आणि कुठल्या मशीनवर काम केलं ते लिहून घेत जा. पगार बँकेतून घ्या. रोख घेतलेल्या पगाराला साक्षीदार नसतो.

रिपोर्टवाला डॉक्टर

रेडिओलॉजिस्ट आहे. मुलाखतीला बसतो तेव्हा मी काय बघतो ते सांगतो, कामी येईल.

बटणं कुणालाही आठवड्यात शिकवता येतात. डोकं, मणका, गुडघा यांचे प्रोटोकॉल, म्हणजे कुठले फोटो कुठल्या क्रमाने घ्यायचे त्याच्या याद्या, मशीनमध्ये भरलेलेच असतात. पण गुडघ्याचा सॅजिटल, म्हणजे बाजूने दिसणारा छेद, लिगामेंटच्या रेषेत घ्यायचा की सरळ, हे माणसाने ठरवायचं असतं. माझा ठरलेला प्रश्न असा: अर्धांगवायूचा पेशंट आलाय, हलतोय, जेमतेम पाच मिनिटं शांत राहील. काय घेशील? जो पहिल्या दमात डिफ्यूजन (मेंदूचा ताजा झटका झटपट दाखवणारा फोटो) म्हणतो त्याला मी ठेवून घेतो. जो डोक्याचा अख्खा प्रोटोकॉल क्रमाने म्हणून दाखवतो, त्याला चहा देतो.

दुसरं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध. एमआरआयला ते गॅडोलिनियमचं असतं. ते द्यायच्या आधी किडनीचा इतिहास विचारलात का, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलंत का? फॉर्मवर डॉक्टरची सही असली तरी विचारायचं.

तिसरं शिकवून येत नाही. आमच्याकडची एक मुलगी, कमरेचा एमआरआय करत होती. लोकलायझर म्हणजे सुरुवातीचा तो ढोबळ फोटो, त्यावर सगळे फक्त मणका बघतात. तिने फोन केला, "सर, उजवी किडनी फुगलेली दिसतेय, एक सिक्वेन्स जास्त घेऊ का?" सिक्वेन्स म्हणजे एका पद्धतीच्या फोटोंचा एक संच. घे म्हटलं. मूत्रनलिकेत खडा होता, आणि पेशंट दोन महिने कंबरदुखीच्या गोळ्या खात होता. निदान तिने केलं नाही, करायचंही नसतं. पण मणक्यापलीकडे बघितलं आणि फोन केला.

तुमचा सीटीचा अनुभव इथे उपयोगी पडतो. शरीराचे छेद वाचायची डोळ्यांना सवय झालेली असते.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आज सेंटरवाल्याला फोन करून सर्टिफिकेट कुठल्या विद्यापीठाचं ते विचारलं. म्हणाला, "आमचं नाव पुरेसं आहे." परिषदेच्या नोंदणीचं काढलं तर, "ते कशाला हवंय तुला? काम येणं महत्त्वाचं."

माझी नोंदणी झालेली नाही. डिप्लोमा झाल्यावर कॉलेजात कुणी सांगितलंच नाही, आणि इथल्या हॉस्पिटलने मागितलं नाही. आता करता येईल ना?

आणि गॉसदादा, त्या पिनांचं सांगा. एवढं खेकसण्यासारखं असतं का?

गॉसदादा

नोंदणीला उशीर झाला म्हणून काही अडत नाही. अडतं ते कोर्स मान्य नसेल तर. म्हणून कर्जाच्या कागदावर सही व्हायच्या आत परिषदेत विचारा, तुमच्या मंडळाचा डिप्लोमा धरतात का. धरत असतील तर नोंदणी करून मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे किंवा सीटीवरच शिरा आणि एमआरआयला रोटेशन मागा. मी तसाच शिरलो. पहिले चार महिने फक्त पेशंट टेबलावर घेत होतो, कॉइल (ज्या भागाचा फोटो घ्यायचा त्यावर बसवायचा अँटेना) लावत होतो आणि मागे उभा राहून बघत होतो. त्याचे पैसे द्यावे लागले नाहीत, उलट पगार मिळत होता.

पिनांचं. तो दादा खेकसला ते बरोबरच केलं, फक्त शब्द जरा गोड वापरायला हवे होते. मशीन बंद असलं तरी चुंबक चालूच असतं, हे नव्या माणसाच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमात वेटोळी बुडवलेली असतात, एकदा सोडलेला प्रवाह त्यांत फिरतच राहतो. लाइट गेली, कॉम्प्युटर बंद, खोलीत मिट्ट काळोख, तरी १.५ टेस्ला तिथेच. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काही दहा हजार पट. पिन सुटली तर गोळीसारखी जाते, आणि वाटेत पेशंटचा डोळा असतो.

आमच्याकडे येणाऱ्यांच्या खिशात काय निघतं ते ऐका. सर्वांत जास्त वेळा चुन्याची डबी. "काही धातू आहे का काका?" "नाही." "पेसमेकर, शस्त्रक्रिया, क्लिप?" "नाही हो." गाऊन घालून येतात आणि डबी मुठीत! तंबाखूवाला माणूस तिला धातूत मोजतच नाही. बायकांचं मंगळसूत्र, जोडवी, पदराची पिन. सोनं ओढलं जात नाही हे खरं, पण मण्यांची तार आणि फासा कशाचा आहे ते सोनारालाच माहीत. म्हणून सगळं उतरवायचं. मंगळसूत्र काढायला काही जणी नको म्हणतात. मी सासूबाईंना बाहेर बसवून त्यांच्या हातात देतो, मग वाद होत नाही.

आणि दोन्ही हात पोटावर एकमेकांत गुंफून झोपायची सवय असते ना, ती मोडायची. त्वचेला त्वचा टेकली की वर्तुळ तयार होतं आणि रेडिओलहरीने तिथे चटका बसू शकतो. मध्ये चादरीची घडी घालायची. पेशंटचं वजन विचारतो तेही त्यासाठीच. किती ऊर्जा सोडायची हे मशीन वजनावरून ठरवतं, म्हणून अंदाजे ६० टाकून मोकळं व्हायचं नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर आत गेला आणि पेशंटसोबतचा तरुण नातेवाईक दगावला. त्याआधी २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यात सुमारे चार तास अडकून होते. दोन्ही वेळी सिलिंडर माणसानेच उचलून आत नेला होता. म्हणून दारावर उभा असताना समोर कोण आहे ते मी बघत नाही. एकदा रात्री दोनला आमचेच एक मोठे सर्जन खिशात कात्री घेऊन घाईने आत निघाले. मी दारात आडवा झालो. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.

मुलाखतीत हे दोन प्रश्न येतातच. आत पेशंटचं हृदय बंद पडलं तर काय कराल? उत्तर: आधी त्याला खोलीबाहेर काढायचं. छातीवर दाब देत देत बाहेर आणा, पण मदतीला धावणारे सिलिंडर आणि मॉनिटर घेऊन आत येता कामा नयेत. आणि क्वेंचचं, म्हणजे चुंबकच उतरवून टाकायचं, लाल बटण कधी दाबाल? माणूस चिकटला असेल तर. खुर्ची चिकटली तर नाही. हेलियम उडून जातं, चुंबक उतरायला मिनिटभर तरी लागतं, आणि मशीन पुन्हा सुरू करायचा खर्च ऐकून मॅनेजर आडवा पडतो. पण माणूस असेल तर दाबायचं आणि परवानगी नंतर मागायची.

मस्कतवाली

तो सर्जन आमच्याकडे पण आहे 😀 नाव फक्त वेगळं.

कृष्णाकाठची

अपडेट देते. फॉर्म भरला नाही. बाबांना १,४४० तासांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, त्यांना तो लगेच पटला. (ते साखर कारखान्यात टाइमकीपर होते.) पतसंस्थेला नको म्हणून कळवलं.

परिषदेकडे फोन लागला. डिप्लोमाच्या मंडळाचं नाव, दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ये, मग बघू म्हणाले. दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका कॉलेजातच राहिलीय, उद्या सकाळच्या एसटीने आणायला जाते.

एक राहिलं, डॉक्टर. मूत्रनलिकेच्या त्या पेशंटला त्या मुलीने जास्तीचा सिक्वेन्स कुठला घेतला होता?

रिपोर्टवाला डॉक्टर

कोरोनल हेवी टी-टू, म्हणजे समोरून दिसणारे छेद, पाणी उठून दिसेल अशा पद्धतीने घेतलेले. साचलेलं पाणी त्यात पांढरंशुभ्र दिसतं, आणि खडा काळा ठिपका.