अनुभव धागा : प्रेक्षकांविना खेळला गेलेला आयएसएलचा २०२०-२१ चा हंगाम

इंडियन सुपर लीगचा सातवा हंगाम २० नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाला आणि १३ मार्च २०२१ रोजी संपला. करोनामुळे अकराही संघांना गोव्यात आणून ठेवले होते. फातोर्ड्याचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बांबोळीचे जीएमसी अ‍ॅथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचे टिळक मैदान या तीनच ठिकाणी सगळे ११५ सामने रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाले. नेमक्या याच हंगामात मुंबई सिटीने साखळीतील पहिल्या क्रमांकाची ढाल आणि करंडक असे दोन्ही मान मिळवले. २०१४ साली नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमपासून या संघामागे फिरणारे आम्ही त्या वेळी आपापल्या घरात कोंडलेले होतो. तो हंगाम कोणी कुठे, कसा पाहिला आणि कोणाला तो पाहताच आला नाही, हे तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

अंधेरीहून

आमच्या घरापासून मुंबई फुटबॉल अरिना चालत पंधरा मिनिटांवर आहे. ९ मार्च २०१९ रोजी उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफसी गोवाने तिथे आमचा ५-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा मी गॅलरीत होतो. परतीच्या वाटेवर वडील एवढेच म्हणाले, "त्यांचा प्रशिक्षक आपल्याला मिळाला तर बघ." दीड वर्षाने खरोखरच सर्जिओ लोबेरा मुंबईत आले, आणि त्यांच्यापाठोपाठ गोव्याकडून खेळलेले अहमद जाहू, मुर्तदा फाल, ह्युगो बूमू आणि मंदार राव देसाई हेही आले. मधल्या काळात, २०१९ च्या नोव्हेंबरात, मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, त्यामुळे खर्चाची चणचण नव्हती. तरीही पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने आम्हाला १-० असे हरवले, जाहूला लाल कार्ड मिळाले, आणि वडिलांनी टीव्ही बंद करून डाळ-भात वाढून घेतला.

माझ्या लेखी खरा अंतिम सामना २८ फेब्रुवारीचा होता. एटीके मोहन बागानचे ४० गुण होते आणि आमचे ३७. बरोबरी झाली असती तरी ढाल त्यांची होती, आणि ढालीसोबत आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतील जागाही. सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर फालने हेडर मारला, ३९ व्या मिनिटाला आमच्याच ओग्बेचेने दुसरा गोल केला, आणि पुढची पन्नासेक मिनिटे वडील सोफ्यावर न बसता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सामना पाहत होते. गुण समान झाले, पण परस्परांतील दोन्ही सामने आम्ही जिंकलेले असल्यामुळे पहिला क्रमांक आमचा झाला. शेजारच्या इमारतीतून कोणीतरी एकच शिट्टी मारली. एरवी त्या रात्री वीरा देसाई रस्ता तुंबला असता.

फातोर्ड्याहून

आमच्या गच्चीवरून स्टेडियमचे प्रकाशझोत दिसतात. सामना असला की आमच्या गल्लीत दुचाकी लावायला जागा राहत नाही आणि चोरीस-पाव व ऑम्लेटच्या गाड्यांभोवती तासभर आधीपासून गर्दी होते. त्या हंगामात दिवे पेटत, पण खाली कुत्रीसुद्धा निवांत झोपलेली असत.

गॅलरी रिकामी असेल तर स्टेडियम किती बोलते, हे मला त्या चार महिन्यांत कळले. पंचांची शिट्टी, गोलरक्षकाची हाक, बाकावरून येणारी स्पॅनिश भाषेतली ओरड हे सारे वाऱ्याची दिशा अनुकूल असली की गच्चीवर ऐकू येई. टीव्हीवर मात्र ध्वनिमुद्रित केलेल्या गर्दीचा आवाज लावलेला असे. तो मला शेवटपर्यंत सहन झाला नाही. शिवाय आमच्या केबलवरचे चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असल्यामुळे गोल झाल्याचे आम्हाला आधी मैदानातून कळे आणि तो कोणी केला हे नंतर टीव्हीतून. माझ्या धाकट्या भावाने यावर पैजा लावायला सुरुवात केली होती. आईने त्या बंद केल्या.

आता मुंबईकरांच्या आनंदात थोडे मीठ टाकतो. ५ मार्चला उपांत्य फेरीचा पहिला सामना इथेच २-२ असा सुटला. आंगुलो आणि सेवियर गामा यांनी आम्हाला दोनदा आघाडीवर नेले आणि दोन्ही वेळा बरोबरी करणारे कोण होते? बूमू आणि फाल. गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ गच्चीखालून ओरडले, "आमचेच भुरगे आनी आमचेरच गोल!" तीन दिवसांनी बांबोळीला १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही, दोन्ही प्रशिक्षकांनी पेनल्टीसाठी ताजे गोलरक्षक उतरवले, आणि ६-५ असा निकाल लावणारी शेवटची किक मुंबईच्या रॉलिन बोर्जेसने मारली, जो अस्सल गोंयकार आहे. आमचा संघ आमच्याच राज्यात, आमच्याच माजी खेळाडूंकडून आणि आमच्याच भूमिपुत्राच्या किकवर हरला, आणि आम्हाला मैदानात जाऊन शिव्या घालण्याचीही सोय नव्हती.

मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचा अंतिम सामना इथेच होता. नव्वदाव्या मिनिटाला मैदानातून आरोळी आली. कोणाची ते कळेना. बाकावरच्या पंचवीस-तीस माणसांची आरोळी सगळ्यांची सारखीच असते. आम्ही सहाही जण टीव्हीकडे पाहत उभे राहिलो, आणि मग पडद्यावर मुंबईचा बिपीन सिंग चेंडू जाळ्यात ढकलताना दिसला.

कोल्हापूरहून

आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल ही संघांची नावे आम्हाला शाळेच्या हजेरीसारखी पाठ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातली अर्धी भांडणे तिथूनच सुरू होतात. त्या वर्षी आमचा स्थानिक हंगाम बंद पडला होता, त्यामुळे पेठेतल्या पोरांनी आयएसएलकडे पहिल्यांदाच नीट लक्ष दिले. त्याला आणखी एक कारण होते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आमचा अनिकेत जाधव जमशेदपूरच्या संघात होता. जमशेदपूर कुठल्या दिशेला आहे हे नकाशात शोधावे लागणारी मंडळी ७ डिसेंबरला त्या संघाने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवल्यावर चौकात येऊन टाळ्या वाजवत होती, आणि पोलिसांची गाडी दिसताच मुखपट्ट्या वर ओढत पांगली.

मला मात्र प्रामाणिकपणे सांगायचे आहे की त्या हंगामातला बराचसा खेळ मला संथ वाटला. आमच्या एका जुन्या खेळाडूचे म्हणणे होते, "भावा, पब्लिक नसलं की पाय उचलत नाहीत बघ." ते पुरते खरे नसावे. तीन मैदानांवर चार महिने सतत सामने होत असतील तर गवताचीही काही मर्यादा असते, आणि दर तीन-चार दिवसांनी खेळणाऱ्या माणसाच्या पायांचीही.

त्या हंगामात मला सर्वांत अधिक भावले ते खालिद जमील. मुंबईच्या क्लबांमधून खेळलेल्या आणि तिथेच प्रशिक्षक म्हणून घडलेल्या या माणसाकडे जानेवारीत नॉर्थईस्टची घसरलेली गाडी तात्पुरती सोपवली गेली, आणि त्यांनी ती थेट उपांत्य फेरीत नेली. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकाने संघ तिथवर नेण्याची ती पहिलीच वेळ होती. बाजूरेषेवर ते फारसे हातवारेही करत नसत.

मँचेस्टरहून

माझा अनुभव लहान आहे. भारतातला साडेसातचा सामना हिवाळ्यात इथे दुपारी दोनला येतो, म्हणजे ऐन कामाच्या वेळी. इथेही टाळेबंदी होती, त्यामुळे एका पडद्यावर कार्यालयाची बैठक आणि दुसऱ्यावर टिळक मैदान, असे माझे चार महिने गेले. माझा इंग्रज शेजारी पिढीजात मँचेस्टर सिटीचा आहे. त्याच मालकांचा एक संघ तेव्हा माझ्या गावातही, मुंबईत, होता, हे त्याला पटवून द्यायला मला दोन आठवडे लागले. २४ फेब्रुवारीला आम्ही ओडिशाला ६-१ असे हरवले आणि बिपीनने त्या हंगामातली एकमेव हॅटट्रिक केली. त्यानंतर कुंपणापलीकडून तो मला रोज गुणतक्ता विचारू लागला.

कोलकात्याहून

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर इकडे आले आणि सासरी घराणेच मोहन बागानचे निघाले. १८८९ सालच्या क्लबाच्या नावापुढे एका सहा वर्षांच्या क्लबाची 'एटीके' ही तीन अक्षरे लागली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी नवी जर्सी आणायला साफ नकार दिला आणि जुनीच घालून ते टीव्हीसमोर बसले. २७ नोव्हेंबरला वास्कोला ईस्ट बंगालशी आयएसएलमधली पहिली डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांची लढत, झाली. रॉय कृष्णा आणि मनवीर सिंग यांच्या गोलांनी आम्ही २-० असे जिंकलो. एरवी सॉल्ट लेकला माणसांचा समुद्र लोटला असता. घरात मात्र सासरे, नवरा, मी आणि चिंगरी मालाईकारीचे पातेले एवढेच होतो. चिंगरी ही बागानवाल्यांची आणि इलिश ईस्ट बंगालवाल्यांचा, हा नियम मी सासरी आल्याच्या पहिल्याच महिन्यात शिकले.

अंतिम सामन्याबद्दल फातोर्ड्याच्या सद्गृहस्थांनी लिहिले आहेच. आमच्या बाजूने तो असा दिसला. अठराव्या मिनिटाला आमच्या डेव्हिड विल्यम्सने गोल केला आणि सासऱ्यांनी शंख आणायला सांगितला. पुढे आमच्याच तिरीने मुंबईचा लांब पास परतवताना हेडर आपल्याच जाळ्यात घातला, तेव्हा शंख टेबलावर ठेवला गेला. नव्वदाव्या मिनिटाला आमचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे सरसावला, चेंडू त्याच्या ताब्यात राहिला नाही, ओग्बेचेने तो बिपीनकडे सरकवला आणि २-१ झाले. थोड्या वेळाने त्याच अरिंदमला हंगामातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार मिळाला. तो घेतानाचा त्याचा चेहरा पाहून माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदा टीव्हीवरून नजर काढली. माझ्यातली मराठी मुलगी त्या रात्री मनातून किंचित सुखावली होती. ते मी आजपर्यंत घरात बोललेले नाही.

ठाण्याहून

मी बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. आम्ही ज्या मैदानावर सराव करत होतो, ते वर्षभर बंद होते आणि ज्यांच्याकडून ते भाड्याने घेतले होते, त्यांनी आगाऊ भरलेली रक्कम शेवटपर्यंत परत केली नाही. त्या काळात मी मुलांना मोबाइलवर जमवून सामने दाखवत असे आणि मध्येच थांबवून विचारत असे की जाहू आत्ता मान वळवून कोणाकडे पाहतो आहे. त्याच्याकडे चेंडू येण्याआधीच त्याने दोनदा मागे पाहिलेले असते, हे पोरांनी स्वतः मोजून काढले.

मुलांचा लाडका मात्र अमेय रानवडे होता, कारण तो मुंबईचा मुलगा. अंतिम सामन्यात मध्यंतराच्या थोडे आधी त्याच्या डोक्याला जबर मार लागला आणि तो कोसळला. खेळाडू घोळक्याने उभे होते, स्ट्रेचर आले, रुग्णवाहिका आली, आणि रिकाम्या स्टेडियममधली ती शांतता टीव्हीवरच्या ध्वनिमुद्रित गर्दीलाही झाकता आली नाही. माझ्यासमोर मोबाइलवर अठरा चौकोन होते. एकही मूल बोलत नव्हते. सामना संपल्यावर मुंबई जिंकल्याचे कोणी विचारले नाही, अमेय शुद्धीवर आला का, एवढेच विचारले. तो बरा झाला, पुन्हा खेळला. आमच्या मैदानाचे कुलूप निघाले, तेव्हा दोन मुलांनी हेडर मारायला नकार दिला होता, आणि मीही त्यांना आग्रह केला नाही.

सावंतवाडीहून

वरील सर्वांनी सामने पाहिले. मी ते जेवू घातले, असे म्हणता येईल. गोव्यातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी काम करत होतो आणि तिथे एक संघ उतरला होता. हॉटेल किंवा संघ यांचे नाव मी लिहीत नाही. संघासोबत आम्हीही आत कोंडले गेलो होतो. बाहेर जाणे नाही, घरच्यांना भेटणे नाही, ठरावीक दिवसांनी नाकात काडी. सामना साडेसातचा असला तर खेळाडू दुपारी उकडलेला भात, कोंबडीचा बिनमसाल्याचा तुकडा आणि पास्ता खात, आणि परत यायला अकरा वाजून जात. जिंकून आले की भांडी रिकामी होत. हरून आले की ताटे जशीच्या तशी परत येत. निकाल आम्हाला ताटांवरूनच कळे. एका परदेशी खेळाडूला आमची सोलकढी आवडली होती, पण आहारतज्ज्ञाने तिसऱ्या दिवशी ती बंद केली.

जादा तासांचे पैसे कबूल करूनही मालकांनी अर्धेच दिले. त्याबद्दल मी भांडलो, आणि पुढच्या हंगामाला मला बोलावले नाही. संघाने निघताना सगळ्यांच्या सह्या केलेली एक जर्सी स्वयंपाकघराला दिली होती. ती एकच असल्यामुळे आम्ही नऊ जणांनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि ती भांडी घासणाऱ्या मुलाला मिळाली. घरी आलो तेव्हा माझी धाकटी मुलगी चालायला लागली होती. मी जवळ गेलो तर ती आजीच्या मागे लपली. हंगाम संपल्यावर लोक मला विचारत, की एवढ्या जवळ राहून एकही सामना कसा पाहिला नाहीस. सामन्याच्या वेळी आम्ही परतीच्या जेवणाचे कांदे चिरत असू.