सिनेमातून राज्यविचार कळतो की फक्त त्याचं उदाहरण मिळतं? (ऑनलाइन चर्चा; तळटीप, चौकट आणि तिसरी घंटा ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप: चित्रपट म्हणजे सिद्धान्ताचं चित्ररूप उदाहरण, त्यापलीकडे काही नाही. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (खुनाच्या खटल्यात बारा ज्यूरर, म्हणजे निकाल देणारे नागरिक, एकमतासाठी वाद घालतात) पाहून लोकशाहीत चर्चा हवी एवढंच कळतं, आणि ते पुस्तकांत आधीच आहे.

चौकट: एवढंच कळलं असेल तर तुम्ही कथानक पाहिलंत, चित्रपट नाही. राज्यशास्त्रवाल्यांची ही जुनीच खोड! दिग्दर्शक ल्युमेटने १९५७ साली जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीत घेतला. पहिल्या तृतीयांशात कॅमेरा नजरेच्या वर, मग नजरेच्या रेषेत, शेवटी खाली. भिंगांचं नाभीय अंतरही (फोकल लेंथ) वाढत जातं, म्हणून भिंती अंगावर येतात. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासला चर्चेवर दडपण नको असतं. इथे कोंडमारा वाढतो तसे लोक बोलते होतात. हे उदाहरण नव्हे, प्रतिवाद आहे.

तळटीप: कॅमेऱ्याचं मान्य. पण ‘दडपण’ हा शब्द तुम्ही हाबरमासकडूनच आणलात ना?

तिसरी घंटा: दोघंही मतदान विसरताय. पहिलं हात वर करून: ११ जण ‘दोषी’, फक्त आठवा ज्यूरर ‘निर्दोष’. दुसरं गुप्त चिठ्ठ्यांनी: आठवा बाजूला राहतो आणि अकरांतली एक चिठ्ठी फुटून ‘निर्दोष’ निघते. ती नवव्याची. पहिल्या वेळी त्याचाही हात वर गेला होता. कोंडी चिठ्ठीने फोडली, चर्चेने नाही.

तळटीप: साफ चूक. दोन मतदानांच्या मधे आठव्याने खुनातल्या चाकूसारखाच दुसरा चाकू टेबलात रोवलाय, तो विसरलात? मत चिठ्ठीने फिरलं की चाकूने, कसं ठरवणार? शिवाय तो चाकू त्याने स्वतः विकत आणलेला. ज्यूररने बाहेर जाऊन पुरावा गोळा करणं नियमबाह्य आहे. आणि गुप्त मतदानाचं एवढं कौतुक असेल तर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल वाचा. मत ही विश्वस्ताची जबाबदारी, म्हणून ते उघड असावं, असं त्याने १८६१ मध्येच मांडलंय.

तिसरी घंटा: वाचलाय. गुप्ततेच्या आडून माणूस स्वार्थ पाहील ही मिलची भीती. इथे चिठ्ठी फुटल्यावर पाचव्यावर आळ येतो, तेव्हा नववा स्वतःहून सांगतो की मत माझं, आणि कारणही देतो. मिलचा वाद गुप्त की उघड असा आहे. चित्रपट क्रम दाखवतो: आधी गुप्त, मग उघड.

चौकट: मतदानपद्धतीचा वेगळा धागा काढा! प्रश्न सिनेमाचा होता.

तिसरी घंटा: सिनेमाचंच बोलतोय. हा क्रम कुठून मिळाला?

तळटीप: ठीक. क्रमाचा मुद्दा मला पुस्तकातून सुचला नव्हता. तेवढं मान्य, त्याहून जास्त नाही. चाकूचं उत्तर मात्र अजून दोघांनीही दिलेलं नाही.