कॉलेजात मानवशास्त्र शिकलेले कोणी आहे का इथे? अनुभव लिहा

अबोली_दादर

काल लेकीने जेवता जेवताच वही उघडली. एफवायला मानवशास्त्र घेतलंय आणि पहिलीच असाइनमेंट घरच्यांची नातेसंबंध-आकृती. पुरुष त्रिकोण, बाई वर्तुळ, लग्न असेल तिथे बरोबरचं चिन्ह, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. तिची पेन्सिल चाललेली बघून मला माझी एफवायची आकृती आठवली, म्हणून हा धागा.

आमच्याकडे भटजींनी लिहून दिलेली वंशावळ होती, देवघरातल्या ट्रंकेत. सात पिढ्या, सगळे पुरुष. मी म्हटलं चला, काम झालं. पण मॅडमनी सांगितलं, एकही त्रिकोण आईशिवाय काढायचा नाही. मग आजीला घेऊन बसले. ती लसूण सोलत होती. पणजोबांच्या नावाशी आली, जरा थांबली आणि म्हणाली, त्यांच्या डाव्या हाताला अजून एक गोल काढ. पहिली बायको. बाळंतपणात गेली, वय सतरा. घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, बाबांनासुद्धा नाही. आजीला तिच्या सासूने सांगितलेलं आणि तिला त्याआधी कधी कोणी विचारलंच नव्हतं.

या विषयाने मला काय दिलं, तर हेच. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्यापाशी बसायची सवय. तुमचंही लिहा, लहान-मोठं काहीही.

करी_रोड_जिना

आहेराची वही!!!

आम्हाला मॅडम कुला शिकवत होत्या, म्हणजे बेटाबेटांतली भेटवस्तूंची देवाणघेवाण. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की, पॅसिफिकमधली ट्रोब्रियांड बेटं, त्यांचं १९२२ चं पुस्तक. लाल शिंपल्यांचे हार बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पांढरी कडी उलट्या दिशेने, आणि कोणी कायमचं ठेवून घ्यायचं नाही. वर्गात एकाने विचारलं, मग एवढा समुद्र ओलांडायचा कशाला? मॅडम म्हणाल्या, घरी जा आणि आईकडे आहेराची वही माग.

मी खरंच मागितली. आईच्या लग्नातली, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका ओळीत निळ्या शाईने 'वरच्या मामी – स्टीलचा डबा, ११ रु.' आणि त्याखाली बऱ्याच वर्षांनी काळ्या पेनाने 'सुनेचं डोहाळजेवण, साडी दिली'. अशी पानंच्या पानं. परतफेड कुठेच तेवढ्यास तेवढी नाही. थोडी जास्त, नाहीतर वेगळीच वस्तू. तेवढीच केली तर हिशेब मिटेल आणि हिशेब मिटला की येणंजाणं संपेल. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉसने १९२५ मध्ये हेच मांडलंय, द्यायचं, घ्यायचं, परत करायचं, तिन्ही बंधनकारक. मला मॉस आईच्या अक्षरातच कळला.

सुगरण_मुलुंड

आमच्याकडे अजून आहे वही, सासूबाईंची. आता सगळे पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात, त्यामुळे पुढची पानं कोरी. एक रुपया चिकटवलेलं पाकीट मात्र सुटत नाही

पाटी_पेन्सिल

मुलुंडकर, तुमची ती आंबाडीच्या भाकरीची कृती कुठे गेली? शोधून दमले

सुगरण_मुलुंड

व्यनि (खासगी निरोप) करते. कुकर लावलाय, दहा मिनिटं

नायगाव_बीडीडी

मराठी शाळेतून थेट इंग्रजी लेक्चरला. पहिले दोन महिने फक्त फळ्यावरचं उतरवून घेत होतो. सर चांगले होते पण वर्गातली मुलं प्रश्न विचारायची तेव्हा मी बाकाखाली बघायचो. लायब्ररीयनने एकदा बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध हातात दिला, भारतातील जातींवरचा. त्याआधी मला माहीत नव्हतं की तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला आहे. २५ वर्षांचे होते. जातीचं मूळ जातीअंतर्गत लग्नात आहे, हे त्यात एकेक पायरी करून मांडलंय. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही ते बंधन टिकवायची साधनं कशी, तेही.

आमच्या चाळीत प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो. पण ते माझ्याच विषयाचे विद्यार्थी होते हे कळल्यावर मी पुढच्या बाकावर बसायला लागलो. सेमिस्टरच्या शेवटी त्याच निबंधावर प्रेझेंटेशन दिलं, इंग्रजीत, अडखळत. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

अबोलीताई, तुमच्या पणजोबांच्या पहिल्या बायकोचं वाचून हाच निबंध आठवला.

अबोली_दादर

नायगाव, हे लेकीला वाचून दाखवलं. निबंध शोधतेय ती आत्ता.

चिवला_बीच

समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आमच्या मालवणचे हां! १८९३ चा जन्म. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि १९२४ पासून घुर्यांनी सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई असे मोठे अभ्यासक सगळे त्यांच्या हाताखाली शिकलेले. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची मापं घेऊन जातींची उतरंड लावली होती, घुर्यांनी १९३२ मध्ये मापांनीच दाखवून दिलं की देशाच्या बऱ्याच भागात ते जुळत नाही. आमचे आजोबा हे सांगताना खुर्चीतून उठून उभे राहायचे.

गणपतीला कोण कोण जातंय गावाला? तिकिटं मिळाली का? आम्ही अजून वेटिंगला

पाटी_पेन्सिल

वेटिंग ८७ 😭

कलिना_तळमजला

२६ जुलै २००५. आमच्या घरात छातीपर्यंत पाणी. टीव्ही, गाद्या, फ्रीज, आणि माझी फील्ड डायरी. मी वर्षभर दादरच्या फुलबाजारात पहाटे जाऊन बसत होते. कोण कोणाकडून झेंडू घेतो, उधारी कशी चालते, वेण्या करणाऱ्या बायका कुठून कुठल्या लोकलने येतात. वाळवायला काढली तर शाई पसरून पानं निळी झालेली.

मॅडमकडे जाऊन रडले. त्यांनी श्रीनिवासांचं सांगितलं. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला आग लागली आणि कर्नाटकातल्या रामपुरा गावावरची त्यांची वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं जळाली. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, १९७६ मध्ये आलं. मॅडम म्हणाल्या, आज घरी जाऊन जे आठवतंय ते लिही, क्रम लावू नकोस.

पहिलं काय आठवलं असेल? एका मावशींचा अंगठा. दोरा ओढून ओढून त्यावर खाच पडलेली. त्यावरूनच सगळं परत येत गेलं, त्या किती वेण्यांना किती पैसे मिळतात ते सांगायच्या, कोणाला उधार द्यायच्या नाहीत तेही.

करी_रोड_जिना

कलिना, अंगावर काटा आला. त्या मावशी भेटल्या का परत?

कलिना_तळमजला

हो. पुरानंतर त्यांनीच मला विचारलं, घरात किती पाणी होतं गं, जेवायला मिळतंय ना.

ऑप्शनल_दादर

युपीएससीला मानवशास्त्र ऑप्शनल आहे, दोन पेपर २५०-२५० चे. कोणी मराठीतून लिहिलंय का? नोट्स हव्यात. धाग्याशी संबंध नाही, सॉरी

नायगाव_बीडीडी

आहे की संबंध. व्यनि कर, परिभाषेची यादी देतो.

वरळी_खडप

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्ही वरळी कोळीवाड्यातले. लहानपणापासून बघतेय, कॉलेजची मुलं येतात, जास्त करून नारळी पौर्णिमेला. लुगडं कसं नेसता, गाणी म्हणून दाखवा, देवाला काय दाखवता. आई हातातलं काम टाकून सांगायची. एका मुलीला तिने समुद्रातल्या खडपांची (खडकांची) नावं सांगितली, कुठल्या खडपाजवळ कुठलं म्हावरं, कुठल्या वाऱ्याला. दोन दुपार गेल्या. ती मुलगी परत आली नाही, लिहिलेलं काही दाखवलं नाही. आई आता नाही. ती नावं मला अर्धीच येतात आणि पूर्ण यादी कुठल्यातरी कॉलेजच्या कपाटात पडली असेल.

विषय वाईट नाही म्हणत. माझा भाचाच शिकतोय. पण जे लिहून नेता त्याची एक प्रत आणून द्या. वाचून दाखवा. चुकलं असेल तर आम्ही सांगू.

अबोली_दादर

वरळीताई, अगदी खरं बोललात. त्या मुलीचं कॉलेज आठवतंय का? विभागात जुने प्रोजेक्ट ठेवतात बऱ्याच ठिकाणी, निदान विचारता येईल. मी येते सोबत.

वरळी_खडप

कॉलेज आठवतंय. साल १९९८ किंवा ९९. चालेल, जाऊया.

एफवाय_चालू_आहे

मी अबोलीची लेक 🙂 आईच्या फोनवरून बघत होते, आता स्वतःचा आयडी काढला. वरळी मावशी, आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला फील्डवर्क आहे. मी आले तर चालेल का? लिहिलेलं सगळं आणून दाखवेन, आणि तुम्हाला येतात ती अर्धी नावं आधी लिहून घेऊ.

वरळी_खडप

ये गो बाय. पण सणाला नको, कोणाला बोलायला फुरसत नसते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर काढलेल्या असतात, बाप्ये जाळी दुरुस्त करत घरीच बसलेले असतात. माझा थोरला दीर त्यात आहे, त्याला खडपं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दुपारी तीननंतर ये, जेवून येऊ नको.