घरी बैल नसताना पोळा कसा साजरा करावा?

प्रश्न: आमच्याकडे आता ट्रॅक्टरच आहे, तरीही श्रावण अमावास्येला पुरणपोळी होते, मग बैलांचे ऋण कसे मानावे?

उत्तर १: आदल्या दिवशी खांदेमळणी करून, म्हणजे जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे आम्ही बैलांना सांगतो आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या आधी त्यांना जेवू घालतो. तुम्ही शेजाऱ्यांची जोडी दारात बोलावून ओवाळावी.

उत्तर २: आमच्या कोल्हापूरकडे हा सण आषाढात, बेंदूर म्हणून येतो. मातीचे बैलही पूजता येतात.

उत्तर ३: घरोघरी भरपूर पुरणपोळी खाऊ घातल्यास बैलांचे पोट फुगते, म्हणून एखादा घास भरवून बाकी हिरवा चारा द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शेजारच्या काकांना आजच विचारतो.