स्कॅनर कोणाकडे आहे?

प्रधान ताई (सी-४०४): नमस्कार. कालपासून गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. सिग्नलला उभी असली की थरथरते. गॅरेजवाला म्हणतो पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर बदला, १८ हजार. गाडीतला दोष वाचणारं, आपलं मोबाइलवर चालतं ते स्कॅनर कोणाकडे आहे? रविवारी बाबांना हॉस्पिटलला न्यायचंय.

सावंत काका (ए-१०२): स्कॅनर सहा जणांनी वर्गणी काढून घेतलंय. रजिस्टरला सही न करता नेलं जातं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी वॉचमनकडे आणून द्यावं.

निलेश (बी-७०१): ताई, दिवा नुसता लागलाय की उघडझाप करतोय?

प्रधान ताई: ऐरोली पुलाच्या चढावर उघडझाप करत होता.

निलेश: मग गाडी बाहेर काढूच नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, म्हणजे मिसफायर. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कामातून जातो. तो भाग फार महाग. ८ वाजता माझं स्वतःचं स्कॅनर घेऊन खाली येतो.

देसाई (डी-२०३): काही उपयोग नाही त्याचा. पीयूसीच्या आधी माझ्या गाडीतला दोषाचा कोड पुसून दिला होता, दोन दिवसांत दिवा परत हजर.

निलेश: काका, तेव्हाही म्हटलं होतं, पुसू नका. पुसल्याने दोष जात नाही. उलट दोष आला त्या क्षणी गाडीने टिपलेला वेग, आरपीएम, तापमान, सगळं जातं. मेकॅनिकच्या हातात काही उरत नाही.

देसाई: तेव्हा काय म्हटलं होतं ते आता सगळ्यांसमोर काढायची गरज नव्हती.

सावंत काका: स्कॅनर कोणाकडे आहे?

मानसी (बी-२०४): ताई, बॉनेट उघडून वायरी बघा आधी. आमची उंदरांनी कुरतडली होती. पार्किंगमध्ये कबुतरांना दाणे टाकणं थांबेपर्यंत हे असंच चालणार.

जोशी काकू (बी-१०१): दाणे आम्ही टाकत नाही. नाव घेऊन बोला.

मानसी: मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही काकू 🙏

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. कबुतरं मीटिंगमध्ये.

केतकी (डी-६०२): माझ्या आयफोनला ते स्कॅनर जोडलंच जात नव्हतं, बिघडलंय का?

निलेश: बिघडलं नाही. जुन्या ब्लूटूथचं आहे, अँड्रॉइडवरच चालतं. आयफोनला वायफायवालं किंवा बीएलई, म्हणजे नव्या कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं लागतं.

जोशी काकू: आमची गाडी २००८ ची आहे, तिला चालेल?

निलेश: सांगता येत नाही काकू. गाडीने स्वतःचे दोष टिपून स्कॅनरला सांगायची सोय, म्हणजे ओबीडी-२, आपल्याकडे सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून. स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आहे का बघा, असलं तर लावून पाहू.

सावंत काका: स्कॅनर कोणाकडे आहे? तिसऱ्यांदा विचारतोय.

निलेश (रात्री ९:४०): ताईंच्या गाडीत कोड पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय. ठिणगीला वीज देणारी कॉइल, प्लग, इंजेक्टर, काहीही असू शकतं. म्हणून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर टाकली, दुसऱ्याची पहिल्यावर, कोड पुसला आणि गाडी जागेवरच चालू ठेवली. सात-आठ मिनिटांत पी०३०२ आला, म्हणजे आता दुसरा सिलिंडर. दोष कॉइलबरोबर सरकला. ताई, एक कॉइल बदला. इंजेक्टरला हात लावू देऊ नका.

देसाई: म्हणजे तुम्ही पुसलं तर चालतं.

निलेश: आधी वाचून, फोटो काढून मग पुसला काका. तपासायला पुसला, लपवायला नाही.

प्रधान ताई: निलेश, खूप आभार. दीड तास अंधारात टॉर्च धरून उभा होता हा मुलगा. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता १८ हजार सांगितले होते, याचा खरंच राग येतोय.

सावंत काका: वॉचमन सांगतोय, शेट्येंच्या गाडीत स्टेअरिंगखाली लाल दिवा दिसतोय. ते गणपतीला गावी गेलेत.

निलेश: अरे देवा. तेच आपलं स्कॅनर. त्या सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी बंद असली तरी. किल्ली कोणाकडे आहे?

मानसी: शेट्ये काकूंनी आमच्याकडे ठेवलीय. आणते.

निलेश (१०:२५): काढलं. बॅटरी ११.८ व्होल्टवर आलीय, चांगली भरलेली असेल तर १२.६ दाखवते. उद्या सकाळी चार्जर लावतो.

सावंत काका: स्कॅनर माझ्याकडे जमा. यापुढे सही केल्याशिवाय मिळणार नाही. देसाई, तुमची मागची सही अजून बाकी आहे.