‘यँक’ला मराठीत काय म्हणावं?

कळफलक: व्हिम या टेक्स्ट एडिटरच्या मदतपानांच्या मराठीत ‘यँक’ या कमांडपाशी अडलंय. शब्दशः हिसका देऊन ओढणे. पण ‘वायवाय’ दाबल्यावर ओळ जागेवरच राहते, रजिस्टरमध्ये, म्हणजे व्हिमच्या तात्पुरत्या साठ्यात, जाते ती नक्कल. ‘ओढली’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल ओळ गेली.

रफार: सरळ ‘कॉपी’ लिहा. चोप्य-पस्ते कुणाला कळत नाही?

अवग्रह: ‘उचलणे’ घ्या. लेख उचलला तरी मूळ लेख जागेवर असतोच की.

टिंब: आणि गल्ल्यातले पैसे उचलले तर? खरी अडचण ओळ कापून रजिस्टरमध्ये टाकणाऱ्या ‘डीडी’ची. तिला ‘पुसणे’ म्हणू नका. ओळी हलवायच्या त्या तिनेच: ‘5डीडी’, मग जिच्याखाली हव्यात त्या ओळीवर जाऊन ‘पी’, की रजिस्टरमधलं तिथे येतं. फसगत होते ती अशी: एक ओळ उचलली, वाटेत नकोशी दुसरी ‘डीडी’ केली, ‘पी’ दाबलं की ती नकोशीच हजर. उचललेली 0 नंबरच्या रजिस्टरमध्ये शाबूत असते. ती आणायला दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य, पी.

अवग्रह: मग ‘डी’ला ‘काढणे’.

काना: सातबाराचा उतारापण ‘काढतात’, मूळ नोंद दप्तरातच राहते! ‘यँक’लाच ‘उतरवून घेणे’ म्हणा. उतारा त्यातलाच.

रफार: उतारा दृष्टीवरही असतो, चढलेल्यावरही.

टिंब: ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये तर ‘यँक’ म्हणजे डकवणे, आणि कापण्याला ‘किल’. तिथे काय उतरवणार?

काना: व्हिमचा ‘पी’ ‘पुट’चा आहे, ‘पेस्ट’चा नव्हे. म्हणून ‘ठेवणे’. अख्खी ओळ असेल तर खाली ठेवतो, ‘वायडब्ल्यू’ने घेतलेला शब्द असेल तर कर्सरच्या पुढे. मोठा ‘पी’ वर किंवा अलीकडे. डकवायला खळ लागते.

रफार: खळ आता कोण शिजवतंय? ‘डकवणे’ रुळलंय, राहू द्या.

कळफलक: बरं, ‘:5,10 टी 20’चं काय? पाच ते दहा ओळींची नक्कल विसाव्या ओळीखाली जाते, रजिस्टरला धक्काही न लागता. तिथे ना उचलणं, ना ठेवणं.

टिंब: ‘टी’च्या जागी ‘एम’ दिलं की ओळीच जातात. शेवटी 0 दिलं तर फाइलच्या माथ्यावर. ‘:5,10 एम 7’ला मात्र एरर. ओळी स्वतःच्याच पोटात कशा जातील?

अवग्रह: ‘एम’ला ‘सरकवणे’ बरं.

काना: सरकवतात खुर्ची. बिऱ्हाड हलवतात.

रफार: सहा ओळींचं बिऱ्हाड?