वाचता येतं, पण कळत नाही: गोष्टीच्या पुस्तकातून आकलन कसं घ्यावं?

फळाखडू
तिसरीचा वर्ग, तीसेक मुलं. बहुतेक जण मोठ्याने फडाफड वाचतात. "कोण", "कुठे" विचारलं की बरोबर ओळीवर बोट ठेवतात. "का" विचारलं की गप्प, नाहीतर तीच ओळ पुन्हा वाचून दाखवतात. हाताशी २४ पानांचं एक चित्रमय गोष्टीचं पुस्तक आहे, प्रत एकच. तास ३५ मिनिटांचा. एका पुस्तकावर किती दिवस घालवावेत? प्रश्न मध्येमध्ये विचारायचे की शेवटी? आणि उत्तरं लिहून घ्यायची का?

काना_मात्रा
आधी एक तपासणी करा, नाहीतर औषध चुकीच्या दुखण्यावर जाईल. त्याच पातळीचा, मुलांनी न वाचलेला एक उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि "का"चे प्रश्न तोंडी विचारा. जे मूल ऐकून उत्तर देतं पण स्वतः वाचून देत नाही, त्याची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात खर्च होते आहे. ऐकूनही उत्तर येत नसेल तर अडचण भाषेची, शब्दांची किंवा विषयाच्या माहितीची. गॉफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ साली हे गुणाकाराच्या रूपात मांडलं: वाचन-आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्यच.

पहिल्या गटाला सोपा मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला द्या. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त ठिकाणी अडखळत असेल तर तो मजकूर त्याने एकट्याने वाचायचा नाही, तुम्ही वाचून दाखवायचा. आणि फडाफड वाचनावर फार विसंबू नका. वर्गासमोर मोठ्याने वाचताना मुलाचं लक्ष जोडाक्षर चुकणार नाही ना, याकडेच असतं. आधी एकदा मनात वाचू द्या, मग मोठ्याने.

ओळीवर बोट ठेवणं हा आकलनाचा पुरावा नव्हे. हे वाक्य बघा: "लोमटीने तिसऱ्या फणगावर झुरपं टाकलं." झुरपं कुठे टाकलं? तिसऱ्या फणगावर. कुणी टाकलं? लोमटीने. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि कळलं काय, तर काही नाही.

पानोपानी
एका पुस्तकाला तीन तास द्या. त्याहून जास्त ताणलं तर गोष्टीचा चोथा होतो.

तयारीला अर्धा तास लागतो आणि खरं काम तिथेच आहे. पुस्तक स्वतः दोनदा वाचा. जिथे लेखकाने काहीतरी सांगायचं टाळलंय, अशा चार जागा शोधा आणि तिथे चिठ्ठ्या चिकटवा. चिठ्ठीवर प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून ठेवा, कारण ऐन वेळी सुचणारे प्रश्न नेहमी "कोण-कुठे"चेच असतात. कठीण शब्द पंधरा सापडतील, त्यांतले ज्यांच्यावाचून गोष्ट अडते असे चार-पाचच घ्या. त्यांचा अर्थ वाचता वाचता एका वाक्यात सांगून पुढे जा. आधीच शब्दार्थांची यादी फळ्यावर लिहिली की गोष्ट सुरू होण्याआधीच वर्ग जांभया देतो.

पहिला तास: तुम्ही वाचा, मुलं ऐकतील. अर्धवर्तुळात जवळ बसवा. एक-दोनदाच थांबा. गोष्ट ओघात ऐकू द्या.

दुसरा तास: चिठ्ठ्यांपाशी थांबत पुन्हा वाचन. कळीच्या पानाचा मजकूर फळ्यावर लिहा, म्हणजे एकाच प्रतीची अडचण राहत नाही. त्या पानाचं चित्र मात्र नंतर दाखवा. चित्रात उत्तर असेल तर मुलं मजकुराकडे बघतच नाहीत. समजा फळ्यावर हे आहे:

"मीनाने दार उघडलं. ओली छत्री कोपऱ्यात उभी केली. आजीने काही न बोलता टॉवेल पुढे केला. तिने डोकं पुसलं आणि दप्तराकडे पाहिलं. खालून थेंब थेंब गळत होतं. रडूच आलं."

पाऊस हा शब्द यात कुठेच नाही. पहिला प्रश्न: "बाहेर काय चाललं होतं? कुठल्या शब्दांवरून कळलं?" मुलांनी फळ्यापाशी येऊन ते शब्द अधोरेखित करायचे. दुसरा: "रडू का आलं?" इथे मजकूर पुरत नाही. दप्तरात वह्या असतात, ओल्या वहीतली शाई पसरते, हे मुलाने स्वतःकडचं घालायचं आहे. म्हणून उत्तराचे दोन भाग मागा: "पानावर काय दिसलं" आणि "मला आधीच काय माहीत होतं". सुरुवातीचे दोन-तीन प्रश्न तुम्हीच मोठ्याने विचार करून सोडवून दाखवा. नुसते प्रश्न विचारत राहणं म्हणजे परीक्षा घेणं, त्यात शिकवणं आलं नाही.

"तुला पावसात भिजायला आवडतं का?" असले प्रश्न गाळा. वर्ग उत्साहात येतो, पण प्रत्येक जण आपापल्या पावसात जातो आणि मीना राहते बाजूला. साधी कसोटी: गोष्ट न ऐकलेलं मूलही उत्तर देऊ शकत असेल तर तो प्रश्न आकलनाचा नाही.

तिसरा तास: मुलांनी गोष्ट सांगायची, जोडीजोडीने.

अर्धविराम
पानोपानींच्या उताऱ्यात आणखी एक खाच आहे, ती सुटायला नको. "तिने डोकं पुसलं." कुणी, मीनाने की आजीने? "रडूच आलं." इथे तर कर्ताच नाही. मराठीत कर्ता सर्रास गाळला जातो. मोठ्यांना ते जाणवतही नाही, पण आठ वर्षांच्या मुलाचा धागा नेमका तिथे तुटतो आणि पुढची दोन पानं तो दुसऱ्याच माणसाची गोष्ट ऐकत असतो. प्रत्येक "तो, ती, त्याने, तिला" वर माणसाचं नाव लिहून घ्या, आणि कर्ता नसेल तिथे रिकामी चौकट काढून ती भरायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. "का"ची बरीच चुकलेली उत्तरं मुळात "कोण" चुकल्याने आलेली असतात.

"पुढे काय होईल?" हा प्रश्न मला जपून वापरावासा वाटतो. पाठोपाठ "कशावरून?" नसेल तर अंदाजांची नुसती शर्यत लागते. आणि अंदाज पुढच्या पानावर ताडून बघायचाच. चुकला तर ठीकच, पण गोष्टीतल्या कुठल्या शब्दाने तो चुकवला ते शोधू द्या.

फळाखडू
चौकटीची कल्पना उद्याच करून बघते. दोन शंका: दर वेळी तेच चार हात वर होतात, आणि तिसऱ्या तासाला मुलं "मग… मग… मग…" करत सगळी गोष्ट सांगतात. त्यातून कळलंय की नाही हे कसं ओळखायचं?

पानोपानी
हातांचं आधी. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा, मगच नाव घ्या. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. हात वर करणं बंदच करून आधी शेजाऱ्याला सांगायला लावलं तर आणखी बरं.

"मग"चं लक्षण तुम्ही अचूक पकडलंत. "मग" घटनांना नुसतं रांगेत उभं करतं, कारण सांगत नाही. फळ्यावर तीन शब्द लिहा: म्हणून, पण, कारण. गोष्ट सांगताना प्रत्येकी एकदा तरी वापरायचा. "छत्री होती, पण दप्तर भिजलं, म्हणून मीना रडली." हे वाक्य ज्याला जमलं त्याला तो प्रसंग कळला. ऐकताना चार गोष्टी तपासा: कोण-कुठे, अडचण काय, त्यावर काय केलं, शेवटी कसं सुटलं. मुलं बहुधा अडचणच गाळतात. ती गाळली तर बाकीचं पाठांतर समजा आणि त्या पानावर पुन्हा जा.

काना_मात्रा
लेखनाबद्दल राहिलंच. तिसरीत पाच प्रश्नांची उत्तरं लिहायला दिलीत तर शुद्धलेखन आणि हाताचा वेग मोजला जातो, आकलन नव्हे. एकच "का" द्या, दोन ओळींत उत्तर, तेही तोंडी चर्चा झाल्यावर. ज्याचं लेखन फारच मागे आहे त्याने सांगावं, तुम्ही लिहून घ्यावं.